रंग उरतो, तो कोठे जातो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेने कात टाकली, असे म्हणावयास हरकत नाही. खिडक्यांच्या गजांना हिरवा रंग आला, बाकांवर नवी तकाकी आली आणि फाटकावरचा गंज खरवडून त्यावर आधी तांबडे अस्तर व मग काळा रंग चढला. देखरेखीचे काम माझ्याकडे होते. मे महिना सरत आला असताना एका सायंकाळी आमचे वयस्क रंगारी हात पुसत माझ्यापाशी आले. त्यांच्या एका हातात ब्रश धुतलेल्या थिनरचा डबा होता; दुसऱ्यात तळाशी साका धरलेला, उरलेला रंग होता. त्यांनी विचारले, “मास्तर, हे कोठे टाकू?” मी खर्चाच्या हिशेबात गढलो होतो. मान वर न करताच मी म्हणालो, “टाका तिकडे कुठेतरी.”

‘तिकडे कुठेतरी’ म्हणजे विहिरीमागचा उतार होता, हे मला नंतर कळले. आपली गोव्याची भूमी जांभ्या दगडाची, अंगभर छिद्रे असलेली. मृगाचा पहिला पाऊस कोसळला आणि चारच दिवसांत विहिरीच्या पाण्याला थिनरचा वास येऊ लागला. पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. त्या पावसाळ्यात शाळेच्या विहिरीचे पाणी आम्ही पिण्यास घेतले नाही. मुलांनी कारण विचारले, तेव्हा मी “विहिरीचा गाळ काढावयाचा आहे,” असे सांगितले. ते खरे नव्हते. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले खरे उत्तर समजावे.

विद्यार्थी मित्रहो, रंगाच्या डब्यात आपल्याला दिसतो तो केवळ वर्ण. वस्तुतः त्यात तीन प्रमुख द्रव्ये एकत्र नांदत असतात. पहिले रंगद्रव्य, ते वस्तूला वर्ण देते आणि लोखंडाचे गंजापासून रक्षणही करते. दुसरे बंधक, म्हणजे तेल किंवा राळ. ते रंगद्रव्याला पृष्ठभागाशी जखडून ठेवते. तिसरे द्रावक, ते मिश्रण पातळ करते, म्हणजे ब्रश सुलभतेने फिरतो. आपण जेव्हा ‘रंग सुकला’ असे म्हणतो, तेव्हा हे द्रावक नाहीसे झालेले नसते. ते हवेत गेलेले असते. थिनरमधील टोल्युईन व झायलीन यांच्या वाफांनी डोके दुखते, भोवळ येते, आणि वर्षानुवर्षे त्या हुंगाव्या लागल्या तर मज्जासंस्थेला अपाय होतो. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात व पेटत्या चुलीपर्यंत सरपटत जाऊ शकतात. जहाजाच्या किंवा बार्जीच्या बंदिस्त टाकीत उतरून रंग देणाऱ्याला तर एकाच वेळी दोन भये असतात : श्वास कोंडण्याचे आणि ठिणगीचे.

तेव्हा या विषाचा पहिला घास रंगारीच होतो. ही गोष्ट आजच कळली असेही नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी याने कारागिरांच्या रोगांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १७०० साली छापला. त्यात रंगकाम करणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या माहितीतील रंगकर्मी बहुतेक आजारी असतात, असे त्याच्या ध्यानी आले होते, आणि त्याचे कारण त्याने त्यांच्या हातातील शेंदूर, हिंगूळ, सफेदा यांत शोधले. आपल्याकडचा शेंदूर व जुना सफेदा ही दोन्ही शिशाचीच रूपे. लोखंड गंजू नये म्हणून शेंदराचे अस्तर देण्याची प्रथा पुढे दीर्घकाळ चालत राहिली. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व पुराव्यांचा विचार करून, रंगाऱ्याचा व्यवसाय हाच कर्करोगास कारणीभूत ठरतो, असा निर्णय दिला. एखाद्या द्रव्याचे नव्हे, तर सबंध व्यवसायाचे नाव अशा यादीत यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मोटारींना फवाऱ्याने देतात त्या दोन डब्यांच्या चकचकीत रंगात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांमुळे धडधाकट माणसाला दमा जडतो, आणि एकदा जडला की अत्यल्प वासानेही तो उसळतो. तोंडावर बांधलेला हातरुमाल थोडी धूळ अडवील, परंतु वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो, आणि आयसोसायनेटाचा फवारा मारताना तर बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे साधन लागते.

दुसरा घास लहान मुले होतात. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात शिशाच्या विषबाधेने आजारी पडलेली बालके डॉक्टरांकडे येत होती, आणि विष कोठून येते ते उमगत नव्हते. १९०४ साली डॉ. गिब्सन यांनी दाखवून दिले, की ते घराच्या व्हरांड्याच्या रंगविलेल्या कठड्यांवरून येते. उन्हाने रंगाची भुकटी होई, मुले कठड्याला धरून खेळत आणि तीच बोटे तोंडात घालीत. शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. तरीही कठड्यापासून कायद्यापर्यंतचा प्रवास किती लांबला पाहा! आपल्या देशात घरगुती रंगातील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्या नियमांच्या नावातच ‘घरगुती व सजावटीचे रंग’ असे शब्द आहेत. कारखान्यांत व गोद्यांत वापरावयाचे रंग त्या कक्षेबाहेर राहिले. आणि नियम नव्या डब्यांना लागू होतो; जुन्या दारांवर, जुन्या पाळण्यांवर, जुन्या गजांवर पूर्वीच बसलेले थर आपोआप निघून जात नाहीत. आमच्या फाटकाचा गंज कोरडा खरवडला, तेव्हा त्याची भुकटी अंगणात उडाली होती आणि त्याच अंगणात जून महिन्यात मुले लगोरी खेळली. तिच्यात शिसे होते की नव्हते, हे पाहण्याचे मला त्या वेळी सुचलेही नाही.

हे सारे दूरदेशचे व दूरकाळचे झाले, असे कोणास वाटेल. म्हणून आपल्याच नद्यांकडे वळू. मांडवी आणि जुवारी यांच्या पात्रांतून खनिजाच्या बार्जी जाताना आपण पाहिल्या आहेत. काठच्या गोद्यांत त्या डागडुजीसाठी वर ओढलेल्याही पाहिल्या आहेत. पाण्यात राहणाऱ्या कोणत्याही नौकेच्या तळाला कालवे, शेवाळ आणि इतर जीव चिकटतात. नौका जड होते आणि इंधन अधिक जळते. यावर उपाय म्हणून १९६० नंतर जहाजांच्या तळाला ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगाने युक्त रंग देऊ लागले. रंगातून हे विष हळूहळू पाण्यात झिरपे आणि जीव तळाला चिकटत नसत. उपाय इतका गुणकारी ठरला, की जगभरच्या जहाजांनी तो उचलला.

परंतु विष जहाजाच्या तळाशी थांबले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात कालवांची पैदास बसली. जी वाढली त्यांचे शिंपले वेडेवाकडे जाड झाले. पिढ्यान्‌पिढ्या कालवांवर जगणारी कुटुंबे हवालदिल झाली. शोध घेता कारण निघाले ते जवळच नांगरलेल्या क्रीडानौकांचा रंग. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांवर त्या रंगाला बंदी घातली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काही शंखांच्या माद्यांमध्ये नराची लक्षणे उगवली आणि त्यांचा वंश खुंटू लागला. यासाठी एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा काही अब्जांश इतकेच विष पुरेसे होते. १९९९ साली आपल्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी भारतीय सागरातील शंखांतही हाच विकार आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. अखेर २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने असे रंग वर्ज्य करणारा करार केला, आणि तो १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. बंदी कागदावर एका दिवसात येते, परंतु तळाच्या चिखलात रुतलेले हे विष वर्षानुवर्षे टिकते. आणि जुन्या नौकेचे जुने थर खरवडून ते चूर्ण ओहोटीच्या स्वाधीन केले, तर बंदी असूनही ते नव्याने पाण्यात उतरते. ज्या नदीतील तिसऱ्या आणि शिणाण्या आपण चवीने खातो, तीच ती नदी.

येथे काही शंका उद्भवतात, आणि त्या टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिली शंका अशी, की एवढ्या अफाट समुद्रात वाटीभर रंगाने काय बिघडते? याचे उत्तर वरच्या अब्जांशात आले आहे. शिवाय विष समुद्रभर समान वाटले जात नाही. ज्या धक्क्यावर, ज्या नाल्यात, ज्या विहिरीत ते पडते तेथेच ते आधी साचते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण विषालाही लागू पडते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. रंगकामावर, गॅरेजांवर, गोद्यांवर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. नियमांचा बडगा उगारला तर त्यांच्या पोटावर पाय येईल. ही काळजी खरी आहे, आणि जो तिच्याकडे दुर्लक्ष करतो त्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही. परंतु माझ्या विहिरीच्या प्रसंगात चूक कोणाची होती? रंगाऱ्यांनी तर विचारले होते! पन्नास घरी काम करणाऱ्या त्या गृहस्थांना बहुधा कोणीच कधी नीट उत्तर दिले नसावे. जो काम करतो त्याच्यापाशी पैसाही नसतो आणि जागाही नसते. जो काम करवून घेतो त्याच्यापाशी दोन्ही असतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की उरलेल्या रंगाची जबाबदारी रंगाऱ्यावर ढकलू नये. ती काम देणाऱ्याने उचलावी. मी त्या दिवशी ज्या हिशेबात डोके घालून बसलो होतो, त्यात रंग, ब्रश, पॉलिश-कागद, मजुरी, फार काय चहापाण्याचाही रकाना होता. उरलेल्याची वाट लावण्याचा रकाना मात्र नव्हता. जे अंदाजपत्रकात नसते ते ‘कुठेतरी’ जाते.

तिसरी शंका घेणारे म्हणतात, हे सरकारचे काम आहे. सरकारने आपले काम मुळीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांत रंग, वार्निश, शाई यांच्या उत्पादनातून व औद्योगिक वापरातून निघणारा गाळ आणि अवशेष यांची स्वतंत्र नोंद आहे. कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून त्यासाठी अधिकृत परवानगी घ्यावी, तो सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवून ठेवू नये, आणि तो निघाल्यापासून पोचेपर्यंत त्याच्यासोबत नोंदीचा कागद असावा, अशी ही व्यवस्था आहे. असा कचरा स्वीकारण्यासाठी आपल्या राज्यात सत्तरीतील पिसुर्ले येथे सामाईक केंद्र उभारलेले आहे. अशा केंद्रांत काही द्रव्ये अतिउच्च तापमानाच्या भट्टीत जाळतात, काही स्थिर व घट्ट करून अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरतात. वापरलेले द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरताही येते. त्याच वर्षीच्या घनकचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या केली होती, आणि तिच्यात रंगाच्या टाकाऊ डब्यांचे नाव अगदी आरंभीच आले होते.

म्हणजे कायद्याची साखळी आहे. ती तुटते ती मधल्या कडीवर. मोठ्या कारखान्याच्या फाटकावर नोंदीचा कागद पाहणारा कोणीतरी असतो. चार माणसांचे गॅरेज, सुट्टीतील शाळा, चतुर्थीपूर्वी रंगविलेले घर आणि काठावरची लहानशी गोदी यांच्या फाटकावर असा कोणी नसतो. तेथे पहारा आपणच दिला पाहिजे.

तो कसा द्यावा? मुळात उरेल इतका रंग आणूच नये. एक लिटर रंगात किती चौरस मीटर भिंत होते, हे डब्यावर छापलेले असते आणि क्षेत्रफळ काढणे आपण पाचवी-सहावीत शिकतो. उरलाच, तर झाकण घट्ट लावून पुढच्या कामासाठी ठेवावा किंवा शेजाऱ्यास द्यावा. ब्रश धुतलेले टर्पेंटाईन झाकणाच्या भांड्यात दोन दिवस स्थिर ठेवले, की साका खाली बसतो. वरचे निवळ पुन्हा वापरता येते आणि साका घातक कचऱ्यात द्यावा. तो मोरीत, गटारात, शौचकूपात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये, जाळूही नये. पाण्यात मिसळणारा भिंतीचा थोडासा रंग राहिला असेल, तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून तो हवेशीर जागी पूर्ण सुकवावा व मग वेगळा द्यावा.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कधीही करू नये. हे तेल सुकताना उष्णता निर्माण करते आणि ढिगात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेतात. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका अडतीस मजली इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाच्या तीन जवानांनी प्राण गमावले. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून ठेवाव्या.

जुना रंग कोरडा खरवडू नये; ओला करून खरवडावा, खाली कापड पसरावे, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे, आणि ती भुकटी केरात न झाडता गोळा करावी. शेवटची गोष्ट रिकाम्या डब्याची. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा दिसावयास मजबूत असतो, आणि बांधकामावरच्या कित्येक झोपड्यांत पिण्याचे पाणी त्यातच साठविलेले आपण पाहतो. असा डबा कोणाला दान देणे हे दान नव्हे. रंगाचा डबा धुतल्याने पाण्याचा हंडा होत नाही.

यंदा आमच्या शाळेने एक लहानसा पायंडा पाडला आहे. रंगकामाच्या अंदाजपत्रकात ‘अवशिष्ट रंग व द्रावकाची विल्हेवाट’ असा एक रकाना घातला असून त्यापुढे रक्कम लिहिली आहे. रक्कम मोठी नाही. एका खिडकीच्या रंगाइतकी असेल. रंगाऱ्यांसाठी गाळणीचे दोन मुखवटे घेतले आहेत. झाकणाचे दोन पिंप ठेवले आहेत, आणि ते भरले की कोणाच्या स्वाधीन करावयाचे, याची नगरपालिकेशी बोलणी झाली आहेत. नववीच्या मुलांनी भिंती मोजून किती रंग लागेल याचे गणित केले. ते माझ्या गेल्या वर्षीच्या अंदाजापेक्षा दोन लिटरने कमी भरले, हे येथे प्रांजलपणे नमूद करतो.

माझी वाचक पालकांनाही विनंती आहे. आपल्यापैकी कोणी गोदीत असेल, कोणी कारखान्यात, कोणी घरांची कंत्राटे घेत असेल. पुढच्या वेळी रंगाचे दरपत्रक हाती आले, की त्यात हा एक रकाना आहे का तेवढे पाहावे. नसेल तर आपल्या हाताने लिहावा. आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे, की घरी कोणी ‘टाका तिकडे कुठेतरी’ असे म्हणाले, तर नम्रपणे पण न भिता विचारा, “कुठेतरी म्हणजे कोठे?” वडीलधाऱ्या माणसांना हा प्रश्न क्षणभर रुचणार नाही. मलाही तो रुचला नसता. परंतु गेल्या मे महिन्यात तो मला कोणी विचारला असता, तर त्या पावसाळ्यात आपल्या शाळेचा रहाट थांबला नसता.

विहिरीचे पाणी आता तपासून घेतले आहे आणि ते पुन्हा पिण्यास घेऊ लागलो आहोत. उतारावर, जेथे डबा उपडा केला होता तेथे, हातभर जागेत अजून गवत उगवलेले नाही. ती जागा मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा पाहावी.